बेल वाजवायला काय जातं?

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

गेल्या काही महिन्यांत इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फार वेळा येतोय. "दादा, एन-४ झालंय, जपानला यायचंय, तिकडे कसं आहे?" विचारणारी पोरं-पोरी बहुतेक सांगली, मिरज, कोल्हापूरकडची. कुणी नर्सिंग केलेलं, कुणी डिप्लोमावाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी टोकियोला आले, तेव्हा दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचं ठरवलं. त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसं जपानला यायची आहेत. तेव्हापासून हे मेसेज वाढलेत.

पगार, भाडं, व्हिसा हे मी सांगतो. पण "कसं आहे" याचं उत्तर द्यायला बसलो की मला दर वेळी एक गोष्ट आठवते आणि हात थांबतो. आज त्या गोष्टीला एक वर्ष झालं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी टोकियोच्या एदोगावा वॉर्डात राहतो. साल २००० च्या आसपास, त्या वाय-टू-के च्या गडबडीत आपल्याकडचे आयटीवाले इथे यायला लागले आणि निशि-कासाई स्टेशनाच्या आजूबाजूला स्थिरावले. त्याचं एक साधं कारण म्हणजे यूआर नावाच्या निमसरकारी संस्थेच्या वसाहती. खाजगी घरमालक परदेशी माणूस दिसला की जामीनदार आणा, घरमालकाला द्यायचे 'आभाराचे पैसे' आणा असं म्हणतात, आणि एवढं करूनही पुष्कळदा नकार देतात. यूआरला यातलं काही लागत नाही. आम्हीही तसेच आलो. मी, बायको आणि आता नऊ वर्षांची मुलगी. तिसरा मजला, घर नंबर ३०३.

शेजारी ३०४ मध्ये एक आजी राहायच्या. वय ८३. जपानीत शेजारणीला 'आजी' म्हणायची पद्धत नाही, आडनावापुढे 'सान' लावायचं. पण मराठीत लिहिताना मला आजीच सुचतं. आजी आमच्या मजल्याच्या हान्चो होत्या, म्हणजे गटप्रमुख.

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जपानमध्ये प्रत्येक मोहल्ल्याची, वसाहतीची एक रहिवासी मंडळी असते. देशभरात अशा जवळपास तीन लाख मंडळी आहेत. पगार नाही, मानधन नाही. कचऱ्याच्या जागेवर कावळ्यांसाठी जाळी टाकायची, ती धुवायची, उन्हाळ्यात गवत काढायचं, भूकंपाच्या तयारीची रंगीत तालीम घ्यायची, लहान मुलं शाळेत जाताना चौकात पिवळं निशाण घेऊन उभं राहायचं. परदेशातून फिरायला आलेला माणूस रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही म्हणून थक्क होतो. तो कपटा कुणीतरी सकाळी उचललेला असतो.

आणि एक असतं काइरानबान. आपलं परीक्षेला न्यायचं पॅड असतं ना, तसलं पॅड. त्याला सूचनांचे कागद लावलेले. आपण वाचायचे, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पॅड पुढच्या घरी द्यायचं. व्हॉट्सॲपच्या जमान्यातही हे सुरू आहे. आमच्या मजल्यावर ते आजींच्या घरून निघायचं, ३०५, ३०६ करत शेवटपर्यंत जायचं, मग ३०१, ३०२, आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे. आम्ही ते परत आजींना द्यायचं. फेरी पूर्ण.

'द्यायचं' म्हणजे काय, तर पिशवीत घालून दाराच्या मुठीला अडकवायचं. बेल वाजवायची नाही. मला कुणी असा नियम सांगितला नव्हता, पण बाकीचे तसंच करत होते. इथे सगळ्यात मोठा संस्कार म्हणजे दुसऱ्याला 'मेइवाकु' द्यायचा नाही. मेइवाकु म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास. ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका, मोठ्याने हसू नका, कुणाच्या दारात अवेळी जाऊ नका.

आमची मुलगी चार-पाच वर्षांची असताना पॅड द्यायला गेली की दणादणा बेल वाजवायची. आजी दार उघडायच्या, कागदाचा बगळा नाहीतर एखादी गोळी हातावर ठेवायच्या. दोन-तीनदा असं झाल्यावर मीच तिला रागावलो. "असा त्रास द्यायचा नसतो कुणाला. पिशवी अडकव आणि ये." पोरगी शिकली. मला तेव्हा स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं. बघा, आपण किती पटकन इथले झालो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला गुरुवार. रात्री दहाच्या सुमाराला मी पॅड आजींच्या दाराला अडकवलं. शुक्रवारी सकाळी सातला निघालो तेव्हा पिशवी तिथेच होती. म्हटलं, झोपल्या असतील. शुक्रवारी रात्री अकराला परत आलो, पिशवी तिथेच. मी दारासमोर उभा राहिलो, हे मला नीट आठवतंय. बेलकडे हात नेला आणि मनात आलं, रात्री अकराला म्हाताऱ्या बाईची बेल वाजवणं बरं दिसतं का? घरात येऊन झोपलो. बायकोनेही दुपारी पिशवी पाहिली होती. तिनेही हाच विचार केला होता. आमच्यानंतर पॅड कुणाकडेच जायचं नव्हतं. त्यामुळे ते अडलंय हे आमच्याशिवाय कुणाला कळणारही नव्हतं.

शनिवारी सकाळी दाराच्या फटीत दोन दिवसांचे पेपर दिसले. तेव्हा मी बेल वाजवली. पाच-सहा वेळा. मग ११९ ला फोन.

अग्निशमन दलाची माणसं आमच्याच घरातून बाल्कनीत गेली. इथे दोन घरांच्या बाल्कनीमध्ये भिंत नसते, पातळ फळी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं, 'आणीबाणीच्या वेळी ही फोडून शेजारी जावे.' त्यांनी एका लाथेत ती फोडली. आजी न्हाणीघराबाहेर, कपडे बदलायच्या जागेत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. गुरुवारी संध्याकाळी अंघोळ करून निघताना पडल्या होत्या. हाताला लागले तेवढे टॉवेल आणि धुवायचे कपडे अंगावर ओढून घेतले होते, त्यावर त्या तगल्या.

म्हणजे मी गुरुवारी रात्री पिशवी अडकवली तेव्हा त्या आत जमिनीवर होत्या. शुक्रवारी रात्री बेलकडे हात नेऊन मागे घेतला तेव्हाही.

स्ट्रेचरवरून नेताना मला बघून त्या एक वाक्य बोलल्या. "गोमेइवाकु ओ ओकाके शिमाशिता." तुम्हाला फार त्रास दिला.

मी या देशात चौदा वर्षं आहे. हे वाक्य हजारो वेळा ऐकलंय, ऑफिसात मेलच्या शेवटी स्वतः लिहिलंय. त्या सकाळी मला ते सहन झालं नाही.

आजी वाचल्या, हे आधी सांगून टाकतो. सध्या साइतामामध्ये मुलाच्या घराजवळ एका वृद्धाश्रमात आहेत. मुलगा येऊन मजल्यावरच्या प्रत्येक घरी मिठाईचा खोका देऊन गेला. मुलगाही साठीचा, अजून नोकरीत. आई हान्चो आहे हे त्याला माहीत नव्हतं.

सगळे असे वाचत नाहीत. एकटं राहणारा माणूस घरात मरण पावला, अशा २०२४ मधल्या ७६,०२० घटना इथल्या पोलिसांनी मोजल्यात. त्यातले ५८ हजारांवर लोक ६५ च्या पुढचे होते. या मरणाला जपानीत शब्द आहे, कोदोकुशी. २०२१ मध्ये सरकारने एकटेपणासाठी खास मंत्री नेमला, २०२४ च्या एप्रिलपासून त्याचा कायदाही लागू झाला. मी त्यांची चेष्टा करत नाही, निदान मोजतात तरी.

या घटनेनंतर मी जरा वाचायला, विचारायला लागलो. कारण आपल्याकडे जपानबद्दल दोनच प्रकारचं बोललं जातं. एक, "काय ती शिस्त! रक्तातच आहे त्यांच्या." दुसरं, "म्हाताऱ्यांचा देश झालाय, संपला." दोन्ही ऐकताना मला वाटतं, यांनी कावळ्यांची जाळी कधी धुतलेली नाही.

आकडे खरे आहेत, ते नाकारत नाही. १९४९ मध्ये या देशात सुमारे २७ लाख मुलं जन्मली होती. २०१६ मध्ये हा आकडा पहिल्यांदा १० लाखांच्या खाली गेला. २०२४ मध्ये सुमारे ६ लाख ८६ हजार. सत्तर लाखही नाही, सात लाखही नाही. दर शंभरातली २९ माणसं ६५ च्या पुढची आहेत. २०२३ च्या पाहणीत देशभरात ९० लाख घरं रिकामी निघाली.

पण माणसं कमी झाली एवढ्यानेच मोहल्ला ओस पडत नाही. आमच्या वसाहतीत माणसं आहेत की! मुद्दा हा आहे की दिवसा घरी कुणी नाही.

आमचे मंडळाचे अध्यक्ष ७८ वर्षांचे आहेत. त्यांनी जुनी वही दाखवली. ऐंशीच्या दशकातली पदाधिकाऱ्यांची यादी. अध्यक्ष, उपाध्यक्ष सगळे पुरुष. ते म्हणाले, "ही नावं खोटी. म्हणजे माणसं खरी, पण काम त्यांच्या बायकांनी केलं. आम्ही ऑफिसातून शेवटच्या ट्रेनने यायचो." १९८० मध्ये जपानमध्ये नवरा नोकरीत आणि बायको पूर्णवेळ घरी अशी १ कोटी ११ लाख कुटुंबं होती. दोघंही कमावणारी ६१ लाख. नव्वदच्या दशकात हे पारडं उलटलं. २०२३ मध्ये दोघं कमावणारी १ कोटी २८ लाखांच्या घरात आणि बायको घरी असलेली ५२ लाखांच्या आत. काम करायच्या वयातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त बायका आज नोकरी करतात. एकाच्या पगारात भागत नाही म्हणून करतात, आणि करावीशी वाटते म्हणूनही करतात. दोन्ही योग्यच आहे.

मग म्हाताऱ्यांनी करावं! पूर्वी साठीला निवृत्त झालेले पुरुष मंडळात यायचे. आता कंपन्यांना ६५ पर्यंत काम द्यावंच लागतं आणि २०२१ पासून ७० पर्यंत देण्याचा प्रयत्न करा असं कायदा सांगतो. ६५ ते ६९ वयातले निम्म्याहून जास्त लोक आज कामावर आहेत. आमच्या स्टेशनाजवळच्या सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या गोळा करणारे काका बँकेतून निवृत्त झालेत.

म्हणजे ज्याला आपण जपानी माणसाच्या रक्तातली शिस्त म्हणतो, ती बऱ्याच अंशी बिनपगारी कष्टांवर उभी होती. ते कष्ट ठरावीक माणसं करत होती, मुख्यतः बायका. त्या माणसांना आता दुसरी कामं आहेत. आणि त्यांची जागा कोण घेणार याचा निर्णय कुणी घेतलेला नाही.

गेल्या एप्रिलमध्ये अध्यक्ष आमच्या दारात आले. (त्यांनी बेल वाजवली!) म्हणाले, ३०४ ची जागा रिकामी आहे, हान्चो कुणी व्हायला तयार नाही, तुम्ही व्हाल का? मी हो म्हणालो. मोठेपणा नाही सांगत. ती अडकवलेली पिशवी डोळ्यांसमोर होती, नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मे महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी काम वेगळं. आमच्या भागातल्या मिन्सेइ-इन बाई थकल्या होत्या, सोडायचं म्हणत होत्या. मिन्सेइ-इन म्हणजे सरकारने नेमलेला पण बिनपगारी सेवक. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, चौकशी करायची, गरज असेल तर वॉर्ड ऑफिसला कळवायचं. तीन वर्षांची मुदत. ही पद्धत १९१७ मध्ये ओकायामा प्रांतात सुरू झाली. पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ज्याला लोक पुणे-ओकायामा बाग म्हणतात, तेच ओकायामा. शंभर वर्षं हे चाललंय. पण २०२२ च्या नेमणुकीत देशभरातल्या सुमारे २ लाख ४० हजार जागांपैकी १५ हजारांहून जास्त भरल्याच नाहीत.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही जपानी बोलता, मजल्यावर सगळ्यांना ओळखता. तुमचं नाव सुचवू का?"

दोन दिवसांनी ते पडलेल्या चेहऱ्याने परत आले. वॉर्ड ऑफिसात कळलं की कायद्याने मिन्सेइ-इन व्हायला स्थानिक निवडणुकीत मतदानाचा हक्क लागतो. म्हणजे जपानी नागरिकत्व. म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करायचा, कारण दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व देत नाहीत. काहींनी ते केलंय. २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक याच एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आले, ते जपानी नागरिकत्व घेऊनच. मी अजून त्या निर्णयाला आलेलो नाही. आई मिरजेत आहे.

अध्यक्ष दारात उभं राहून पुन्हा पुन्हा माफी मागत होते. मी म्हटलं, अहो, कायदा तुम्ही थोडाच केलाय.

आता गोष्टीतला अवघड भाग.

जुलै २०२५ मध्ये इथल्या वरच्या सभागृहाची निवडणूक झाली. सान्सेइतो नावाच्या पक्षाची घोषणा होती, 'जपानी माणूस आधी'. चार-पाच वर्षांपूर्वी फार कुणाला माहीत नसलेल्या या पक्षाने १४ जागा जिंकल्या. त्यानंतरच्या रविवारी आमची गवत काढायची पाळी होती. उन्हात सगळे घामाघूम. अध्यक्ष माझ्याशेजारी बसून तण उपटत होते. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "मी त्यांना मत दिलं."

मी गप्प.

"तुमच्याबद्दल काही नाही. तुम्ही वेगळे. तुम्ही कचरा नीट वेगळा करता." मग शेजारच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथे बघा. जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्या. रात्री दोनला गप्पा. आम्हाला कुणी विचारलं होतं का? माणसं आणायची सरकारने, आणि कचरा कधी टाकायचा हे शिकवायचं मी, ७८ व्या वर्षी?"

खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला. एप्रिलमध्ये हान्चो व्हा म्हणणारा, मे मध्ये मला सरकारदरबारी घेऊन जाणारा माणूस जुलैत हे मत देतो? पण घरी येऊन विचार केला तेव्हा शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१८ मध्ये नव्या व्हिसाचा कायदा करताना सरकार सांगत होतं की हे स्थलांतराचं धोरण नाही. तो व्हिसा २०१९ ला सुरू झाला, तेव्हा पाच वर्षांत ३ लाख ४५ हजार कामगार असा अंदाज होता. २०२४ मध्ये पुढच्या पाच वर्षांचा आकडा ८ लाख २० हजारांवर नेला. २०२४ च्या अखेरीस देशात ३७ लाखांहून जास्त परदेशी होते. म्हाताऱ्यांना जेवण भरवायला, दुकानात रात्रपाळीला, बांधकामावर माणसं हवीत, पण ती इथे राहणार आहेत, त्यांना मुलं होणार आहेत, ती शेजारी होणार आहेत, हे मोठ्याने म्हणायचं नाही. मग शेजारधर्माचं सगळं ओझं ७८ वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर. तो चिडतो. चिडल्यावर त्याला उत्तर देणारा एकच पक्ष दारात येतो.

त्यांचं मत मला पटलेलं नाही. ते मी त्यांना नंतर सांगितलं. "तुमचा तो 'जपानी आधी'वाला निवडून आला, पण जाळी धुवायला येणार आहे का?" ते हसले, पण मत बदललं असेल असं वाटत नाही.

आणि "तुम्ही वेगळे" हे वाक्य ऐकताना मला आपणच आठवलो. वॉचमन नेपाळचा, फरशी बसवणारा राजस्थानचा, रंगारी युपीचा, आणि संध्याकाळी कट्ट्यावर विषय काय, तर बाहेरच्यांनी वाट लावली. आपला तो भैया मात्र चांगला हं, तो वेगळा! हे वाक्य मी स्वतः बोललोय. एवढंच की तेव्हा मी बोलणारा होतो, आता ऐकणारा आहे. जागा बदलली की वाक्याचा अर्थ बदलतो.

त्या कचऱ्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. शेजारच्या इमारतीत बरीच नेपाळी आणि व्हिएतनामी मुलं राहतात. अध्यक्षांनी वर्षभर तिथे जपानीत सूचना चिकटवल्या होत्या, अगदी नम्र, अगदी अवघड लिपीत. पोरांना वाचताच येत नव्हत्या. मी आणि बायको तिथे गेलो, दारोदार बेल वाजवली. एका नेपाळी मुलीने मदत केली आणि चित्रांचा तक्ता तयार केला, कोणत्या वारी काय. सगळं सुधारलं असं नाही. पण बाटल्यांचा प्रश्न बराच मिटला. ऑक्टोबरच्या भूकंप तालमीला त्यातली सहा मुलं आली आणि पाण्याचे जड खोके त्यांनीच उचलले. अध्यक्षांनी त्यांना भाजलेली रताळी दिली. मत त्यांचं त्यांच्यापाशी, रताळी पोरांच्या हातात. माणूस असाच असतो.

आता मिरजेबद्दल. आई ७४ वर्षांची, एकटी राहते. समोरच्या काकू रोज सकाळी चहाला येतात. येतात म्हणजे दार ढकलून सरळ स्वयंपाकघरात. लहानपणी मला याचा वैताग यायचा. जपानला आल्यावर तर मी आईला सांगायचो, "जरा सांग काकूंना, बेल वाजवत जा म्हणावं." आता आईला विचारतो, "काकू आल्या होत्या का आज?"

पण मी काही 'आपली संस्कृती महान' म्हणायला ही पोस्ट लिहीत नाहीये. काकू ७१ च्या आहेत. त्यांचा मुलगा हिंजवडीला. आमच्या शेजारचा वाडा पाडून अपार्टमेंट झालंय, खाली व्हिडिओ डोअरफोन आहे, आणि त्यातल्या एकाही घरातलं नाव आईला माहीत नाही. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं १.७ आली. लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. कोकणात गणपतीपुरती उघडणारी घरं कुणी मोजायची ठरवली तर तो आकडाही छोटा निघणार नाही. आणि आपल्याकडे काकूंच्या त्या चहाला कुणी 'सामाजिक व्यवस्था' म्हणत नाही. कुणाच्या तरी आईने, काकूने, वहिनीने फुकटात केलेलं ते काम आहे. ती बाई उद्या नसली, किंवा तिला दुसरं काही करावंसं वाटलं, तर काय, हे आपणही ठरवलेलं नाही. जपान आपल्यापेक्षा तीस-चाळीस वर्षं पुढे आहे, चांगल्यातही आणि यातही.

तर पोरांनो, "कसं आहे" याचं माझं उत्तर असं.

या. काम आहे, पैसे वेळेवर मिळतात, रात्री एकटी मुलगी निर्धास्त चालत घरी जाऊ शकते. तुमची गरज इथे खरी आहे, कुणी तुमच्यावर उपकार करत नाहीये. पण तुमची गरज असणं आणि तुमच्यासाठी जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनात ठेवून या. तुमच्याकडून औषध घेणारे आजोबा तुमच्याविरुद्ध मत देणारे असू शकतात. त्यांचा द्वेष करू नका, पण आपण 'वेगळे' आहोत म्हणून फुशारूनही जाऊ नका. भाषा एन-४ वर सोडू नका. कचऱ्याचा तक्ता पहिल्या दिवशी पाठ करा. आणि शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही हे शिका, पण माझ्याइतकं चांगलं शिकू नका.

३०४ मध्ये आता एक तरुण जपानी जोडपं आलंय, दोघंही नोकरीवाली. बाल्कनीतली फळी नवीन बसवली, तिच्यावर तीच सूचना. हान्चो म्हणून पॅड आता आमच्या घरून निघतं आणि पहिलं त्यांच्याकडे जातं. मुलगी द्यायला जाते. बेल वाजवायची, दार उघडेपर्यंत थांबायचं आणि पॅड हातात द्यायचं, असा आमच्या घरचा नियम केलाय. पहिल्या वेळी त्या जोडप्याला जरा विचित्रच वाटलं. बाई दाराची साखळी न काढता फटीतून बोलली. मागच्या आठवड्यात मात्र मुलगी हातात चॉकलेट घेऊन परत आली.

साइतामाला महिन्यातून एकदा आजींना भेटायला जातो. दर वेळी त्या म्हणतात, एवढ्या लांब येता, तुम्हाला त्रास. मी म्हणतो, हो, त्रास आहेच. दीड तास लागतो. आणि बसतो.

तुमच्या बिल्डिंगमध्ये एकटं कोण राहतं? नाव माहीत आहे का? कमेंटमध्ये नका लिहू. जाऊन बेल वाजवा.